नववीतच सगळं ठरवायला हवं का? एक जुना पेपर, आणि आपल्या इथली अकरावी

मे महिन्यात दहावी-बारावीचे निकाल लागायला लागले की पूर्णा गावात माझी किंमत थोडी वाढते. एरवी "अजून शिकतेच आहे का ही?" असं विचारणारी माणसं तेव्हा मुलांना घेऊन घरी येतात. यंदा आमच्या आळीतल्या एका काकांनी जरा वेगळा प्रश्न विचारला. "पोरगी नववीला गेली. क्लासवाला बोलतो फाउंडेशन बॅच आत्ताच लावा, दहावीनंतर उशीर होतो. खरंच एवढ्या लवकर ठरवायला लागतं का गं?" क्लासची फी त्यांच्या जवळपास तीन महिन्यांच्या कमाईएवढी होती. म्हणजे "बघू, लावून टाकू" म्हणण्यासारखी गोष्ट नव्हती.

या ब्लॉगवर आपण एरवी नेट, गेट, जॅम, सिनॉप्सिस, गाइड कसा निवडावा असलं काहीबाही बोलत असतो. तुमच्यातले बहुतेक जण बीएस्सी-एमएस्सीला आहेत, नववी कधीच मागे पडली. तरी ही पोस्ट तुमच्यासाठीच आहे. एक तर तुमच्या घरात, शेजारी कुणीतरी नववी-दहावीत असणारच आणि ते तुम्हालाच विचारणार. दुसरं म्हणजे "लवकर ठरवावं का" या प्रश्नावर खरोखर संशोधन झालेलं आहे, आणि तो पेपर वाचताना एखादा निष्कर्ष किती ताणायचा आणि कुठे थांबायचं, हे फार छान शिकता येतं.

तेराव्या वर्षी विचारलेला एक प्रश्न

२००६ साली 'सायन्स' या साप्ताहिकात रॉबर्ट ताय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटासा लेख आला. विज्ञानातल्या करिअरचा विचार लवकर करण्याबद्दलचा. त्यांनी स्वतः नवीन सर्वेक्षण केलं नाही. अमेरिकेत १९८८ मध्ये आठवीतल्या मुलांचा एक मोठा राष्ट्रीय अभ्यास सुरू झाला होता. त्याच मुलांना पुढे बारा वर्षं, म्हणजे २००० सालापर्यंत, पुन्हा पुन्हा गाठून माहिती घेतली गेली. अशा अभ्यासाला आपण अनुदैर्घ्य अभ्यास म्हणतो. सोप्या भाषेत, त्याच माणसांचा पाठपुरावा. तो विदा सगळ्यांना खुला होता. (पीएचडीला येऊ बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: चांगला प्रश्न सुचला तर दुसऱ्याने गोळा केलेल्या विद्यावरसुद्धा 'सायन्स'मध्ये पेपर होतो. उपकरण नाही म्हणून रडत बसायचं कारण नाही.)

आठवीतल्या मुलांना त्यात एक प्रश्न होता: तुम्ही ३० वर्षांचे व्हाल तेव्हा कुठलं काम करत असाल असं तुम्हाला वाटतं? पर्यायांची यादी दिलेली होती, त्यातला एकच निवडायचा. ताय यांनी उत्तरांचे दोन गट केले, विज्ञानाशी संबंधित काम आणि इतर काम. मग बारा वर्षांनी ज्यांनी पदवी घेतली होती अशा ३,३५९ जणांची पदवी कशातली आहे ते पाहिलं.

ज्यांनी आठवीत विज्ञानाचं काम निवडलं होतं, त्यांनी विज्ञानेतर पदवीऐवजी जीवशास्त्रासारख्या विषयात पदवी घेण्याची शक्यता इतरांच्या १.९ पट निघाली. भौतिक विज्ञान आणि इंजिनीअरिंगमध्ये हाच आकडा ३.४ पट. आणि हे मुलांचे गुण, घरची पार्श्वभूमी, विषयाबद्दलची आवड वगैरे गोष्टी गणितात धरून झाल्यावर.

पण त्या पेपरातली मला सगळ्यात जास्त आवडलेली तुलना वेगळीच आहे. एक मुलगा गणितात सरासरी, पण त्याला आठवीत वाटतंय की आपण विज्ञानातलं काहीतरी करू. दुसरा गणितात हुशार, पण त्याच्या डोक्यात विज्ञान नाही. भौतिक विज्ञान किंवा इंजिनीअरिंगची पदवी मिळवण्याची पहिल्याची शक्यता ३४ टक्के, दुसऱ्याची १९ टक्के. म्हणजे ९० टक्केवाल्यापेक्षा ७० टक्केवाला पुढे. आपल्याकडे दहावीला ९० च्या वर पडले की सायन्स, ७० पडले की कॉमर्स, अशी जी विभागणी घराघरात आपोआप होते, तिला हा पेपर सरळ धक्का देतो.

आता कुणीही क्लासवाला हा पेपर घेऊन म्हणू शकतो, "बघा, विज्ञानानेच सिद्ध केलंय, आठवीतच ठरवा!" इथेच थांबायचं.

पहिली गोष्ट, यात कुणी मुलांना दोन गटांत चिठ्ठ्या टाकून वाटलं नव्हतं. ज्याला आठवीत वाटतं की आपण वैज्ञानिक होऊ, त्याच्या घरी कदाचित काका इंजिनीअर असतो, शाळेत एखादी जीव ओतून शिकवणारी बाई असते. यातल्या काही गोष्टी विद्यात मोजल्या होत्या, सगळ्या मोजता येत नाहीत. त्यामुळे "वाटणं" हे कारण आहे की दुसऱ्याच कशाची खूण आहे, ते या अभ्यासावरून ठामपणे सांगता येत नाही. लेखकांनीही ते कारण आहे असा दावा केलेला नाही.

दुसरी गोष्ट, मुलांनी काय "वाटतं" ते सांगितलं होतं. त्यांनी बॅच लावली नव्हती, फी भरली नव्हती. अपेक्षा असणं आणि निर्णय घेऊन टाकणं, यात फरक आहे. पेपर पहिल्याबद्दल बोलतो, क्लास दुसरं विकतो.

तिसरी गोष्ट मला भिवंडीकर म्हणून जास्त टोचते. ते ३,३५९ जण सगळे पदवीधर होते. जे मध्येच शिक्षण सोडून गेले, ते या विश्लेषणात नाहीतच. आमच्या पट्ट्यात, काल्हेर-पूर्णा-राहनाळच्या गोदामांत अठरा वर्षं पूर्ण झाल्या झाल्या पॅकिंगला लागलेली मुलं आहेत, लूमच्या कारखान्यात बारावीनंतर वडिलांच्या जागी उभी राहिलेली आहेत. त्यांनी आठवीत काय स्वप्न पाहिलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं, हे असा अभ्यास सांगू शकत नाही. नमुना कसा निवडला यावर निष्कर्ष किती लांब जातो ते ठरतं. मेथडॉलॉजीच्या पेपरला आपण हे वाक्य घोकतो. इथे ते प्रत्यक्ष दिसतं.

आणि एक छोटी तांत्रिक गोष्ट. असे "पट" लॉजिस्टिक रिग्रेशनमधून येतात. तिथलं ३.४ पट म्हणजे साध्या टक्केवारीचं ३.४ पट नव्हे; एका परिणामाचं दुसऱ्या परिणामाशी असलेलं गुणोत्तर तितक्या पटीनं बदलतं. वर्तमानपत्रात बातमी होते तेव्हा हा फरक पुसला जातो. मुलाखतीत विचारतात बरं का हे.

घरात कोण विज्ञानाबद्दल बोलतं?

मग ती आठवीतली अपेक्षा येते कुठून? यावर इंग्लंडमध्ये लुईस आर्चर आणि त्यांच्या गटाने २००९ पासून 'अस्पायर्स' नावाचा प्रकल्प चालवला. दहा-अकरा वर्षांच्या ९ हजारांहून जास्त मुलांपासून सुरुवात केली आणि पुढे ती मोठी होत गेली तसं त्यांना पुन्हा विचारत गेले. त्यांना असं दिसलं की बहुतेक मुलांना विज्ञान आवडतं. शाळेतले तास आवडतात, शिक्षक आवडतात. पण "मोठेपणी वैज्ञानिक व्हायचंय का" म्हटलं की जेमतेम १५ टक्के मुलं हो म्हणतात. आवड कमी नाहीये. "हे आपल्यासारख्यांसाठी आहे" असं वाटणं कमी आहे.

हे समजावून सांगायला त्यांनी 'विज्ञान भांडवल' अशी कल्पना मांडली. तुमच्या ओळखीत विज्ञानाचं काम करणारं कुणी आहे का, घरी त्याबद्दल बोलणं होतं का, विज्ञान शिकून काय काय करता येतं हे माहीत आहे का, शाळेबाहेर कुठे विज्ञान भेटतं का. या सगळ्याची मिळून एक पुंजी. पैशासारखीच, काहींकडे जन्मतः असते.

आपल्याकडची नावं घेऊन बघू. कमला सोहोनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी नकार दिला, त्या मागे हटल्या नाहीत, शेवटी प्रवेश मिळाला, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. जिद्दीची गोष्ट म्हणून ती आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे आणि ती तशी आहेच. पण त्या गोष्टीतला एक तपशील सहसा वगळला जातो: त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्याच संस्थेत शिकलेले होते. म्हणजे त्या दरवाज्यापलीकडे काय आहे हे त्यांना घरातूनच माहीत होतं. जयंत नारळीकरांचे वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरातल्या फळ्यावर मामा गणितं लिहून ठेवायचे आणि भाच्याने ती सोडवायची. कर्तृत्व त्यांचंच, पण पुंजीसुद्धा होती.

रघुनाथ माशेलकरांचं तसं नव्हतं. गोव्यातल्या माशेलमध्ये १९४३ चा जन्म, वडील लवकर गेले, आई मुंबईत मिळेल ते काम करून घर चालवायची. गिरगावातल्या युनियन हायस्कूलमध्ये भावे सर नावाचे शिक्षक होते. त्यांनी मुलांना उन्हात नेऊन बहिर्गोल भिंगाने कागद जाळून दाखवला आणि एकाग्रतेबद्दल काही सांगितलं, ही आठवण माशेलकर स्वतः कितीतरी भाषणांत सांगत आले आहेत. १९६० साली मॅट्रिकला ते बोर्डात अकरावे आले, आणि तरीही पुढचं शिक्षण सोडायच्या बेतात होते. सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून कॉलेज झालं. पुढे माटुंग्याच्या यूडीसीटीतून, म्हणजे आजच्या आयसीटीतून, केमिकल इंजिनीअरिंग, तिथेच पीएचडी, मग राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक, १९९५ पासून सीएसआयआरचे महासंचालक.

बोर्डात अकरावा आलेला मुलगासुद्धा ६० रुपयांवर अडला होता. भिंग आणि ६० रुपये, दोन्ही लागले. नुसत्या भिंगावर भाषणं होतात. ६० रुपयांबद्दल कमी बोललं जातं म्हणून पैशाकडे मी खाली परत येणार आहे.

आपल्या राज्यात यावर सरकारी पातळीवर एक प्रयत्न झाला होता. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली जायची. कल कृषीकडे, ललित कलांकडे, वाणिज्याकडे की गणवेशधारी सेवांकडे असं कळायचं. हेतू चांगला होता. पण कल ही काय शरीरात दडलेली गोष्ट आहे का, रक्तगटासारखी? ज्या मुलीने प्रयोगशाळा पाहिलीच नाही, तिचा कल प्रयोगशाळेकडे कसा दिसणार? चाचणी फार तर आजवर काय काय पाहिलं त्याचा हिशोब देते.

कुठला दरवाजा खरंच बंद होतो

आता काकांच्या प्रश्नाकडे. मी त्यांना विचारलं ते हे: कुठला निर्णय नंतर फिरवता येतो आणि कुठला नाही? लवकर विचार करायचा तो फक्त न फिरणाऱ्या निर्णयांचा. बाकीचे खुशाल पुढे ढकला.

नववी-दहावीत असा निर्णय जवळजवळ नाहीच. गणित आणि विज्ञान नीट समजून घेणं, इंग्रजी वाचायची सवय लावणं, एवढंच. मराठी माध्यमातून अकरावीला येणाऱ्यांना पहिले चार-सहा महिने शब्दच जड जातात. संकल्पना माहीत असते, पण 'संवेग' म्हणजेच 'मोमेंटम' हे जुळायला वेळ लागतो. सेमी-इंग्लिशवाल्यांना हा त्रास कमी. दहावीच्या सुट्टीत अकरावीची पुस्तकं आणून दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहून काढले तरी निम्मं काम होतं. त्याला फाउंडेशन बॅच लागत नाही.

पहिला खरा फाटा अकरावीच्या फॉर्मवर येतो: गणित ठेवायचं, जीवशास्त्र ठेवायचं, की दोन्ही? आपल्या बोर्डात भौतिक आणि रसायनबरोबर दोन्ही घेता येतात. दुसऱ्या बाजूला बायफोकल घेतलं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा २०० गुणांचा विषय, तर दुसरी भाषा जाते आणि बरोबर एक विषयही जातो, बहुतेक वेळा जीवशास्त्र. "मार्क चांगले पडतात" म्हणून बायफोकल घेतात. पडतातही. पण काय सोडतोय ते कळून सोडावं.

गणित सोडलं तर काय बंद होतं? इंजिनीअरिंग तर झालंच. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेचा चार वर्षांचा बीएस्सी-रिसर्च अभ्यासक्रम आहे, त्याला बारावीत भौतिक, रसायन आणि गणित लागतं. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट, बी.मॅथला गणिताशिवाय दारातही उभं करत नाहीत. बहुतेक कॉलेजांत भौतिकशास्त्रातली बीएस्सीही अवघड होते. आयसरला मात्र चारपैकी कुठलेही तीन विषय चालतात. पुणे आणि कोलकाता इथे २००६ मध्ये सुरू झालेल्या या संस्था आता सात आहेत. पण प्रवेशपरीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे सारखे प्रश्न असतात, म्हणजे गणित सोडलेल्याला पाव पेपर तसाच सोडावा लागतो. भुवनेश्वरच्या नायसरची आणि आपल्या कालिना कॅम्पसमधल्या मूलभूत विज्ञान केंद्राची (सेब्स) परीक्षा एकच, 'नेस्ट'.

आणि जीवशास्त्र घेणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून: आजच्या जीवशास्त्रातलं संशोधन आकडेवारीवर चालतं. जनुकांचा विदा, प्रतिमांचं विश्लेषण, साथरोगांची मॉडेलं. आमच्या बॅचमध्ये एमएस्सीनंतर सगळ्यात जास्त धाप लागली ती अकरावीत गणित टाकून दिलेल्यांना. म्हणून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते, जमत असेल तर गणित ठेवा, जमत नसेल तर निदान महिनाभर बघून मग सोडा. फॉर्म भरताना भीतीने सोडू नका.

मुलींच्या बाबतीत हे जास्तच. अमेरिकेतल्या लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलं होतं की मुलं करिअर निवडत नाहीत, ती लहानपणापासून एकेक पर्याय खोडत येतात, आणि "हे मुलींचं, हे मुलांचं" ही खोडाखोड सहा ते आठ वर्षांच्या वयातच होऊन जाते. नंतर उरलेल्यातून निवडतात. गणित आणि मशीन ज्या यादीतून आधीच खोडलं गेलंय, त्या यादीतली निवड कितीही मोकळी असली तरी उपयोग काय?

दुसरा फाटा कमी बोलला जातो: ज्युनिअर कॉलेज कुठलं. ठाण्या-कल्याणकडे 'इंटिग्रेटेड' म्हणून मिळतं ते काय असतं? नाव कॉलेजचं, शिकवणी क्लासची, आणि प्रॅक्टिकल... जर्नल उतरवून काढायचं. भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या १०० गुणांत ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते जवळपास सगळ्यांना भरभरून मिळतात, त्यामुळे कुणाचं नुकसान झालं असं वाटत नाही. संशोधनात येणाऱ्याचं मात्र होतं. दोन वर्षं टायट्रेशनच केलं नाही, व्हर्निअर हातात धरला नाही, तर हात बसत नाही. आमच्या लॅबमध्ये नवीन आलेला मुलगा कुठल्या कॉलेजातून आलाय हे पिपेट धरण्यावरून कळतं असं आमचे सिनिअर म्हणायचे. थोडी अतिशयोक्ती आहे, थोडीच.

एक साधी चाचणी सांगते. प्रवेश घेण्याआधी तिथल्या अकरावी-बारावीच्या मुलांना विचारा, गेल्या महिन्यात लॅबमध्ये किती वेळा गेलात? ऑफिसमध्ये विचारू नका, मुलांना विचारा.

प्रवासाचंही गणित आहे. पूर्णाहून कशेळी पुलावरून बाळकुम, कापूरबावडी करत ठाणं गाठायचं म्हणजे ट्रॅफिकच्या मर्जीवर. भिवंडी रोड स्टेशन आहे, पण ते दिवा-वसई मार्गावर, गाड्या मोजक्या. मेट्रो ५ च्या मार्गावर पूर्णा स्टेशन आहे, ते खांब आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. रोज तीन-चार तास रस्त्यात घालवून नामवंत कॉलेज, की भिवंडीतल्याच कॉलेजात शिकून उरलेल्या वेळात अभ्यास? मुलींच्या घरी हा प्रश्न अभ्यासाचा नसतोच, परतायला किती वाजतात याचा असतो. माझं मत असं की अकरावी-बारावीला जवळचं पण लॅब चालू असलेलं कॉलेज घ्यावं आणि लांब जायची ताकद पदवीसाठी राखून ठेवावी. यावर वाद होऊ शकतो.

बारावीनंतरचा फाटा वाटतो त्यापेक्षा सैल आहे. बीएस्सी की बीटेक यावर घरं भांडतात, पण दोन्हीकडून संशोधनात येता येतं. माशेलकर इंजिनीअरच होते. फार्मसी, कृषी, सगळीकडून वाट आहे. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केलेल्याला मास्टर्सशिवायही पीएचडीसाठी अर्ज करता येतो. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून चार वर्षांची रचना आली आहे, त्यामुळे आत्ता पहिल्या-दुसऱ्या वर्षात असणाऱ्यांना हा पर्याय खराखुरा आहे. साधी बीएस्सी करणाऱ्यांना जॅमच्या सात पेपरांतून आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. दार पुन्हा पुन्हा उघडतं.

मग कमावणार कधी?

काकांनी हाच प्रश्न दुसरा विचारला, आणि तो टाळण्यासारखा नाही. सरळ हिशोब मांडते. बारावी अठराव्या वर्षी, बीएस्सी एकविसाव्या, एमएस्सी तेविसाव्या, पीएचडीला पाच वर्षं धरा, कधी सहा. म्हणजे अठ्ठाविशी-एकोणतिशी. तोपर्यंत शेजारच्या मुलाने गोदामात सुपरवायझर होऊन टेम्पो घेतलेला असतो.

मधल्या काळात पैसा अजिबात नसतो असं मात्र नाही. आठवीत एनएमएमएस परीक्षा असते, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. नववीतल्या मुलीची ही परीक्षा होऊन गेलेली असते, आठवीतल्या भावंडांसाठी लक्षात ठेवा. लवकर विचार करण्याचा खरा फायदा हा असा असतो. बारावीत बोर्डातल्या वरच्या १ टक्क्यात आलात आणि मूलभूत विज्ञान घेतलंत तर इन्स्पायरची शिष्यवृत्ती, वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. नेट-जेआरएफ मिळाली की १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, नंतर ४२,०००, वर घरभाडं.

हे कागदावरचे आकडे. प्रत्यक्षात फेलोशिप कधी चार-चार महिने येत नाही आणि मग एकदम येते. घरी सांगताना हेही सांगा, नाहीतर पहिल्याच वर्षी आई विचारते, "पगार झाला का?" आणि उत्तर देता येत नाही. माझ्या ओळखीतल्या दोघांनी पीएचडी सोडली ती विषय न जमल्यामुळे नाही, घरचा हप्ता थकल्यामुळे. आजच्या काळातले ६० रुपये कुठून येणार, हे अकरावीचा गट निवडण्याइतकंच आधी बघून ठेवायची गोष्ट आहे.

पुंजी कशी वाढवायची

काकांना मी शेवटी फाउंडेशन बॅचऐवजी काय सुचवलं, ते लिहिते. नववीत असाल तर डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, सहावी आणि नववीसाठीच असते. लेखी परीक्षेपुरती नाही, पुढच्या फेऱ्यांत प्रात्यक्षिक आणि स्वतः केलेला छोटा प्रकल्प असतो. पदक मिळो न मिळो, नववीतल्या मुलीने एक प्रश्न घेऊन दोन महिने निरीक्षणं लिहिली तर ती संशोधन काय असतं ते चाखते. प्रश्न शोधायला लांब जायला नको. कामवारी नदीच्या पाण्याचा रंग आठवड्यात कधी कधी बदलतो? गोदामाच्या पत्र्याखाली आणि बाहेर दुपारी तापमानात किती फरक पडतो? एका टेम्पोत खोकी कशी रचली तर जास्त मावतात? हा शेवटचा प्रश्न तर गणितात प्रसिद्ध आहे, त्याला 'बिन पॅकिंग' म्हणतात, त्यावर आजही पेपर निघतात, आणि आपल्या गावात तो रोज हजार वेळा हाताने सोडवला जातो. आपल्याकडे विज्ञान भांडवल नाही असं म्हणताना मी जरा थबकते ते यामुळे. लूम बंद पडला की जॉबर आवाज ऐकून, एकेक शक्यता वगळत बिघाड शोधतो. आहे ते, फक्त त्याला ते नाव कुणी दिलेलं नाही.

मुंबई जवळ आहे याचाही फायदा घ्या. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. टीआयएफआरचा 'चाय अँड व्हाय' हा कार्यक्रम २००९ पासून चालतो, मोफत असतो, आणि तिथे वैज्ञानिकाला कुणीही काहीही विचारू शकतं. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आहे, तिथले कार्यक्रम मराठीतच. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, ऑलिम्पियाडची शिबिरं तिथे होतात. आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटीची दारं सगळ्यांना उघडी असतात.

बीएस्सी-एमएस्सीला असलेल्यांना, म्हणजे तुम्हाला, माझी एक विनंती. तुमच्या लॅबला भेटीचा दिवस असेल तर शेजारची दोन मुलं बरोबर घेऊन जा. नसेल तर सुट्टीत घरी गेल्यावर तुमच्या प्रयोगाचे फोटो दाखवा, फसलेल्या प्रयोगांचेसुद्धा. आर्चर यांच्या यादीतला पहिलाच प्रश्न आहे ना, तुमच्या ओळखीत विज्ञानाचं काम करणारं कुणी आहे का? आळीतल्या मुलांसाठी त्याचं उत्तर बहुधा तुम्हीच असता.

काकांनी बॅच लावली नाही. मुलगी आता दर रविवारी आमच्याकडे आलजिब्रा घेऊन येते आणि कामवारीच्या पुलावरून काढलेले पाण्याचे फोटो दाखवते. तारखा घालायला विसरते, ते सांगायचं काम चालू आहे. तिच्या शाळेच्या स्पर्धेचा फॉर्म भरून झाला आहे. गणित ठेवायचं की नाही, ते ती पुढच्या वर्षी ठरवेल.